सफरचंदाची साल आणि हृदय

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हे कडू द्रव्य मिळाले. त्याने लघवीतून साखर जाते, हे योझेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवले. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे त्याचेच वंशज. हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले, हा २०१५ मधला निष्कर्ष खरोखर थक्क करणारा होता.

इटलीतल्या मातीतील जिवाणूच्या वाणापासून १९६०च्या दशकात लाभलेले लालभडक डॉक्सोरुबिसिन कर्करोगावर प्रभावी, पण हृदयाच्या स्नायूला घातक. त्यामुळे त्याची एकूण मात्रा मर्यादित ठेवावी लागते. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे हा धोका कमी करतात का, हे पाहण्यासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातील औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना हृदयाचा त्रास झाला. रुग्ण जेमतेम १२८ होते, म्हणून हा पुरावा आशादायक असला तरी निर्णायक नाही.