पुस्तक कुणाचं?

मंडळी, आपल्या नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं. तरी शेवगावच्या वाचकानं आपल्या गावच्या ग्रंथालयात सांगावं आणि नगरचं पुस्तक तिथं यावं, ही वहिवाट काही पडली नाही. हल्ली म्हणतात, संगणकानं ते होईल. एनआयसीची ई-ग्रंथालय प्रणाली आहेच. कुठलं पुस्तक कुठं आहे ते घरबसल्या कळू शकतं. पण कळणं निराळं, मिळणं निराळं.

बडोद्याचं बघा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन यांना आणलं, ग्रंथालय खातं उभं केलं. पुढं त्या खात्याच्या पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. वेब कुठलं तेव्हा! पेटी फिरली, कारण आतली पुस्तकं एकाच खात्याची होती.

आपला 1967 चा कायदा अनुदान देतो. पण ग्रंथालयं चालवतात वेगवेगळ्या संस्था. प्रत्येकीचं दाखल रजिस्टर वेगळं, सभासदांची अनामत वेगळी. नगरचं पुस्तक शेवगावात हरवलं तर भरून कोण देणार? हे ठरल्याशिवाय ग्रंथपाल कपाट उघडणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. चार ग्रंथालयांनी मिळून एक सामायिक अनामत ठेवली, तरी पहिली पेटी हलेल. संगणकावरची नोंद मग अर्ध्या दिवसाचं काम.