अडचणीतल्या संस्थेकडे मागावे का? : कृष्णाकाठच्या ऊसबिलाचा इतिहास

२५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद होती. ज्यांनी आधी तिकिटे काढली होती, त्यांतल्या अनेकांना कंपन्यांनी पैसे परत दिले नाहीत. 'रक्कम आमच्याकडे जमा आहे, पुढे कधीतरी प्रवास करा', असे सांगितले. प्रवाशांत तेव्हा दोन मते होती. एक मत असे की, विमान उडाले नाही तर पैसे परत मिळालेच पाहिजेत. दुसरे असे की, सगळ्यांनी एकदम मागितले तर कंपनी बुडेल, हजारो माणसांच्या नोकऱ्या जातील. तेव्हा थोडे थांबावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत द्यायचे होते. आधी काढलेल्या तिकिटांबाबत आर्थिक अडचणीतल्या कंपनीला ३१ मार्च २०२१ पर्यंत सवड मिळाली. पण ती फुकट नव्हती. जमा रकमेत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का वाढ द्यायची होती.

हक्काचे पैसे अडचणीतल्या संस्थेकडून मागावेत का, हा प्रश्न विमानप्रवाशाला आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी पडतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ऊसउत्पादकाला मात्र तो हंगामामागून हंगाम पडत आला आहे. त्याच्या बाबतीत गुंता अधिक आहे, कारण ज्या सहकारी कारखान्याकडे त्याचे येणे असते, त्या कारखान्याचा तो सभासद, म्हणजे मालकही असतो.

कायदा या बाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज. ५० टन ऊस गेला आणि दर टनाला ३,००० रुपये धरला, तर बिल दीड लाखाचे होते. ते मुदतीनंतर चार महिने रखडले, तर व्याज साडेसात हजार रुपये. या रकमेसाठी कारखान्याच्या दारात जाणारा सभासद विरळा. 'आपलाच कारखाना आहे, आज ना उद्या देईल' हे वाक्य ऊसपट्ट्यात सर्वांच्या कानांवरून गेलेले असते.

या वाक्यामागे खरा इतिहास आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभा केलेला सहकारी कारखाना पाहून कृष्णाकाठानेही तोच मार्ग धरला. सांगलीला वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने कारखाना उभा राहिला. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकला 'कृष्णा' आणि यशवंतनगरला 'सह्याद्री', वाळवा तालुक्यात साखराळ्याला राजारामबापूंचा, वाई तालुक्यात भुईंजला किसन वीरांचा, असे कारखाने झाले. भांडवल सभासदांच्या शेअर्समधून, सरकारी भागातून आणि कर्जातून आले; पण पुढची वाढ बऱ्याच अंशी उसाच्या बिलातून झाली. परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी अशा नावांनी टनामागे काही रक्कम कापली जाई. त्यातून गाळपक्षमता वाढली, उपसा सिंचन योजना झाल्या, शाळा-महाविद्यालये निघाली. राजारामनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय हे त्याच वातावरणाचे अपत्य.

ती कपातही शेतकऱ्याच्या हक्काच्या पैशातूनच होत होती. तरी ती थकबाकीपेक्षा वेगळी होती. ती कोणत्या कामासाठी, टनाला किती, हे पोटनियमांत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात लिहिलेले असे. सभेत विरोधकांचा आवाज कितपत उमटे, यावर वाद होऊ शकतो. पण विचारले गेले होते आणि नोंद झाली होती. थकलेल्या बिलाला ठराव नसतो. चौदावा दिवस उलटतो, गावात कोणी काही सांगत नाही, आणि शेतकरी न विचारताच कारखान्याचा बिनव्याजी सावकार होतो.

कारखान्यांच्या अडचणी खोट्या नसतात. ऊस चार-पाच महिन्यांत गाळायचा आणि साखर वर्षभर विकायची, हे या धंद्याचे मूळ दुखणे आहे. मधल्या काळासाठी कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवतो. बँक पोत्याचे मूल्यांकन करून ठरावीक उचल देते. त्यातून प्रक्रियेचा खर्च आणि जुन्या कर्जांचे हप्ते बाजूला निघतात आणि उरेल ते ऊसबिलाला येते. साखरेचा भाव पडला की मूल्यांकन घटते, आणि पहिली कात्री शेवटच्या रकान्याला लागते. २०१४-१५ च्या हंगामात भाव असे कोसळले की केंद्राला २०१५ मध्ये थकीत बिलांसाठी ६,००० कोटींच्या बिनव्याजी कर्जाची योजना काढावी लागली. २०१८ मध्ये साखरेला किलोला २९ रुपयांचा किमान विक्रीदर ठरला, २०१९ मध्ये तो ३१ झाला, आणि नंतर अनेक वर्षे तिथेच राहिला. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, मात्र वाढत राहिली. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. हा ताण कोणत्याही संचालक मंडळाला चुकवता येणारा नाही.

पण याच हिशेबात नीतीचा मुद्दा दडलेला आहे. शेतकरी थांबतो तेव्हा त्याचे पैसे 'कारखान्याला' मिळतात असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात बँकेचा हप्ता थांबत नाही, कारण साखर तिच्या ताब्यात असते. डिझेल आणि तोडणी-वाहतूक यांचा खर्च थांबवला तर गाळपच थांबते. उसाचे बिल थांबवता येते, कारण ऊस आधीच गव्हाणीत गेलेला असतो. म्हणजे शेतकऱ्याचे औदार्य संस्थेइतकेच रांगेत त्याच्या पुढे उभ्या असलेल्यांच्या कामी येते. तिकडे गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फिटले नाही, तर त्याची स्वतःची व्याजसवलत जाते. त्याला मात्र कोणी थांबून घेत नाही.

विमानकंपन्यांतही रांग अशीच लागते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. २०२३ च्या मेमध्ये 'गो फर्स्ट'ने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार अवसायनात आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणदार बँका आणि कामगार, अशी उतरंड आहे. तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी तळाशी असतो. ज्यांनी समजूतदारपणे मागणी लांबवली, ते या तळाशी पोहोचले. सातारा जिल्ह्याने हाच कायदा जवळून पाहिला आहे. फलटण तालुक्यातल्या साखरवाडीचा खासगी न्यू फलटण शुगर वर्क्स कारखाना याच प्रक्रियेतून गेला आणि २०१९ मध्ये श्री दत्त इंडियाकडे आला. त्याआधी २०१७ मध्ये सांगलीचा वसंतदादा कारखानाही त्याच कंपनीने भाडेकराराने चालवायला घेतला होता. मालक एक आणि चालवणारा दुसरा झाला की 'आपलाच कारखाना' या शब्दांचा अर्थही बदलतो.

मागणे गप्प राहिले की ते रस्त्यावर येते, हेही या भागाने अनुभवले आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भावाचा प्रश्न आधीच ऐरणीवर आणला होता. पुढे राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने पहिल्या उचलीवर आंदोलने केली. २०१२ मध्ये दिवाळीच्या तोंडावर टनाला ३,००० रुपयांची उचल मागत आंदोलन पेटले आणि १२ नोव्हेंबरला सांगली जिल्ह्यात वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला. ज्या हिशेबाचे बोलणे सभागृहात व्हायला हवे होते, त्याची ही किंमत होती.

त्यानंतरचा वाद कागदावर झाला. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्याने दिली : पहिला हप्ता विभागासाठी धरलेल्या उताऱ्यावर, उरलेला हंगाम संपून अंतिम उतारा ठरल्यावर. कारण अर्थातच कारखान्यांची अडचण. १७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने दिलेली चौदा दिवसांची मुदत राज्याला अशी वाकवता येत नाही. यातून नीतीचाही बोध निघतो. सवलत द्यायची तर ती ज्याचे येणे आहे त्याने द्यायची. त्याच्या वतीने सरकारने किंवा संचालकांनी नव्हे.

म्हणून 'मागावे की सोडावे' असा प्रश्न विचारणेच अपुरे आहे. मुद्दल आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटाचे पैसे किंवा एफआरपी हे मुद्दल. ते मागण्यात कोणाचा गळा धरणे नाही. त्यावरचे व्याज, किंवा उड्डाण ऐनवेळी रद्द केल्याबद्दल विमान नियमांत सांगितलेली पाच ते दहा हजारांपर्यंतची भरपाई, ही सोडता येते. विमान नियमांनी तर कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठी ती माफच केली आहे. मात्र सोडलेली रक्कम माहीत असली पाहिजे. नाहीतर ते औदार्य ठरत नाही, नुसते विस्मरण ठरते. २०२० च्या निकालाने अडचण मान्य करूनही सवडीला तारीख आणि किंमत लावली. ती किंमत वर्षाला सुमारे नऊ टक्के पडते. ऊस आदेशाची पंधरा टक्के आहे.

कृष्णाकाठच्या कारखान्यांना हे अवघड नाही. वार्षिक अहवालात 'उशिरा दिलेल्या ऊसबिलावरील देय व्याज' असा एक रकाना यावा, त्यात रक्कम लिहावी, आणि ती घ्यायची की संस्थेसाठी सोडायची, हे सभासदांना विचारावे. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या हप्त्यासाठी पैसे हवेत, त्याने ते निःसंकोच घ्यावेत. ज्याला जमेल त्याने सोडावेत. पूर्वजांनी बिनपरतीच्या ठेवी दिल्या, तेव्हा निदान पावतीवर आकडा होता. तेवढा आकडा तरी आजच्या सभासदाच्या हाती पडला पाहिजे.