पाठ लावण्याची विद्या : तालीमखान्यापासून पडद्यापर्यंत

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपल्या फौजेचा तळ कायम केला, आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहता राहता त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. त्यामुळे या शहराच्या पेठांनी दरबारी दफ्तराची भाषा आजतागायत सांभाळून ठेवली आहे. कंपू, जिन्सी, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ या नावांच्याच पंक्तीत खासगी बाजार येतो. सरकारी खजिन्याहून निराळा असा राजघराण्याच्या मिळकतीचा आणि खर्चाचा जो कारभार, त्याचे नाव वागवणाऱ्या या बाजारातून जाताना मराठी माणसाला मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही; आणि त्या अठरांत जवाहिरखाना, पीलखाना, तोफखाना यांच्या जोडीने तालीमखान्याचेही नाव आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसाने माणसाला धरून भुईवर कसे पाडावे हे शिकवण्याची तजवीज ज्या राज्याने कारखान्यांच्या यादीत घातली, त्या राज्याने या विद्येला हौसेच्या पलीकडची योग्यता दिली होती.

ही विद्या मराठेशाहीहून पुष्कळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि त्यात मल्लांच्या श्रेणी सांगितल्या आहेत. परंतु लष्करच्या मराठी वस्तीशी जिचे नाते जुळते ती परंपरा अलीकडची, पेशवाईच्या अखेरीची. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने प्रतिष्ठित केली, आणि १८१८ मध्ये राज्य गेल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास राहू लागला तेव्हा तीही गंगाकाठी गेली. त्याच ब्रह्मावर्तात ज्या राणी लक्ष्मीबाईंचे बालपण गेले, त्या जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणात पडल्या. फुलबागेजवळ त्यांची समाधी आहे, आणि १९५७ मध्ये, सत्तावन्नच्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, त्यांच्याच नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय ग्वाल्हेरात स्थापन झाले. ब्रह्मावर्ताच्या तालमीपासून या महाविद्यालयापर्यंतचा प्रवास इतिहासाच्या ग्रंथांत एखाद्या ओळीचाही धनी झालेला नाही, याची मला खंत वाटते.

मल्लखांबाचा विचार येथे जरा थांबून केला पाहिजे. लाकडाच्या त्या खांबाला पहिलवान अढी घालतो, तिढी घालतो, त्याच्या अंगाला स्वतःचे अंग घासून पकड पक्की करतो, आणि हे सर्व अशा प्रतिस्पर्ध्यावर करतो की जो हलत नाही, उलटत नाही आणि थकतही नाही. पकड हाताला इतकी सवयीची व्हावी की मैदानात तिच्याविषयी विचार करावा लागू नये, हा त्यातला हेतू. पण खांब बचाव करीत नाही. म्हणून मल्लखांबावर पकड शिकलेल्या पठ्ठ्याला वस्ताद लाल मातीच्या हौद्यात उतरवतो, आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते.

ते शिक्षण असे. नवा पठ्ठा आधी बळावर विसंबतो. समोरचा कंबर मागे घेऊन, डोके पुढे करून आपले अंग चोरू लागला की हा अधिकच रेटू लागतो, आणि दमतो. पुढे त्याला ढाक, कलाजंग, धोबीपछाड अशा फेकींचे रूप कळते. मग त्यांतलीच एखादी मनात धरून तो सलामी झाल्याबरोबर तिच्यावर झेप घेतो, आणि जोडीदार ती आधीच ओळखून त्याला खाली घेतो. तिसऱ्या टप्प्यावर वस्ताद त्याला सांगतो की डाव हातात नसतो, तो समोरच्याच्या भयात असतो. पट काढण्याचा आव आणला की समोरच्याचे लक्ष पायांकडे जाते आणि मान मोकळी होते. ती मान आणि हात एकदम कवटाळून कंबर फिरवली की ढाक लागते. हात ओढला की तो मागे रेलतो, मागे रेटला की तो पुढे येतो, आणि त्याच्या पुढे येण्याच्याच जोरावर त्याला खांद्यावरून पलीकडे टाकता येते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताला कांस्यपदक मिळवून दिले, आणि ढाकेवरील त्यांचे प्रभुत्व कुस्तीच्या रसिकांच्या स्मरणात राहिले. त्या लहान चणीच्या मल्लाच्या यशात बळापेक्षा ही समज अधिक होती असे माझे मत आहे.

बचावातच रमलेल्या माणसाचे काय करावे, हा या विद्येतला सर्वांत कठीण प्रश्न, आणि त्याचा इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध दाखला ग्वाल्हेरच्या शेजारच्या दतिया संस्थानाशी निगडित आहे. त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेला गामा पहिलवान १९१० मध्ये लंडनला गेला आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लढला. झिबिस्को गादीवर पालथा पडून जो चिकटून राहिला तो अडीच तासांहून अधिक काळ तसाच राहिला, आणि गामाच्या अफाट बळाला त्याची पाठ लावता आली नाही. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या लढतीस झिबिस्को आलाच नाही, म्हणून विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला. परंतु कुस्ती निकाली झाली नव्हती. ती निकाली झाली १९२८ मध्ये पतियाळास, आपल्या मातीत, जेथे गामाने त्याला भुईचा आसरा घेण्यास सवडच दिली नाही आणि एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. जो बचावात जाऊन बसला त्याला उठवणे जवळजवळ अशक्य, तेव्हा तो बसण्यापूर्वीच त्याला उचलला पाहिजे, हा धडा त्या दोन कुस्त्यांत मिळून पुरा होतो.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली तेव्हा त्यांनी याच तत्त्वाला शास्त्राची शिस्त दिली : आधी समोरच्याचा तोल ढळवावा, मग अंग योग्य जागी न्यावे, आणि मगच फेकावे. त्याच जपानातून शंभर वर्षांनंतर हे तत्त्व एका अनपेक्षित मार्गाने जगभरच्या मुलांच्या हातांत आले. कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ हा व्हिडिओ गेम आणला. त्यात दांडी मागे ओढून धरली की ठोसे आणि लाथा अडवल्या जातात, आणि असा अडवून बसलेला खेळाडू जवळ गेल्यावर फेकता येतो. त्यातील झांगीफ या रशियन मल्लाची मोठी फेक तर दांडी पूर्ण वर्तुळाकार फिरवल्याखेरीज लागत नाही. सेगाच्या १९९३ च्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये हा न्याय आणखी स्पष्ट झाला : प्रहाराला बचाव भारी, बचावाला फेक भारी, आणि फेकीसाठी हात पुढे करणाऱ्याला प्रहार भारी. ‘स्ट्रीट फायटर थ्री’च्या १९९९ च्या आवृत्तीत दोन बटणे एकत्र दाबून फेक होते, आणि समोरच्याने तीच बटणे वेळेवर दाबली तर ती सुटते, वस्ताद ज्याला तोड म्हणतात ती हीच.

या खेळात फेक शिकणाऱ्या मुलाची वाट हौद्यातल्या पठ्ठ्याच्याच वाटेने जाते. सरावासाठी त्यात एक निश्चल पुतळा उभा असतो, आणि त्याच्यावर बोटे घोटून घेतली तरी मल्लखांबाप्रमाणेच त्याच्याकडून भय शिकता येत नाही. नवखा नुसते ठोसे मारीत सुटतो आणि समोरचा सर्व अडवून बसतो. मग त्याला फेकीचा इतका मोह पडतो की दर क्षणी तो तिच्यावरच झेपावतो, आणि निसटलेल्या फेकीनंतर उघड्या पडलेल्या त्याच्या अंगावर पुरा मार बसतो. तयार झालेला खेळाडू जवळ जाऊन एकदोन हलके ठोसे देतो, समोरच्याला आणखी ठोशांच्या अपेक्षेत बांधून ठेवतो, आणि त्याच अपेक्षेत त्याला उचलतो. समोरचा फेकीची तोड करण्यास सरसावला की क्षणभर थांबून प्रहार करतो. चीनमधील हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ हा पदकाचा खेळ होता, तेव्हा त्याला पोरखेळ समजण्याचे दिवस संपले आहेत.

बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध करून या देशाच्या व्यायामविद्येची नोंद करून ठेवली. तेच काम पुढे नेण्यासाठी लष्करच्या मराठी घरांना माझी विनंती आहे की, आपल्या कुळात कोणी तालीम केली असेल, वस्ताद म्हणून नाव मिळवले असेल, तर त्या वृद्धांकडून डावांची नावे, त्यांच्या तोडी आणि ते केव्हा टाकावेत याचे इशारे त्यांच्याच शब्दांत आज लिहून घ्यावेत. आणि लिहिण्याचे हे काम घरातल्या त्या मुलाकडे द्यावे जो रात्री पडद्यावर हीच विद्या खेळतो, कारण त्यातले मर्म त्याला सर्वांत लवकर कळेल.