शिवराईला चिंच लावू नका

मागच्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि हा जवळपास ओरडतोय, "दादा, शेतात तांब्याचं नाणं सापडलंय. पार हिरवं पडलंय. रात्रभर चिंचेत टाकून ठेवू का? शिवराई असली तर किती येतील?"

मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला एवढंच लिहिलं, थांब, काही लावू नकोस. आजचा भाग त्या "थांब"बद्दल आहे.

कारण मी थांबलो नव्हतो. सातवीत असताना मला आजोळी बांधावर एक नाणं मिळालं होतं. जाड, ओबडधोबड, हिरवट काळं. आजी तांब्याचा हंडा चिंचेनं घासायची, तेच मी केलं. वर भांडी घासायची पावडर. तासाभरात नाणं मस्त गुलाबी झालं, आणि दोन्ही बाजूंनी कोरं. एकही अक्षर नाही. मला तेव्हा वाटलं, नाणं आधीपासूनच झिजलेलं असणार. तसं नव्हतं. अक्षरं होती. ती मी मोरीत वाहून घालवली.

कशी, ते नीट समजून घेऊ. तांबं जमिनीत पडलं की पाणी, हवा आणि क्षार त्याला खातात. आधी तांबूस ऑक्साइडचा थर धरतो, त्यावर हिरवा कार्बोनेटचा. म्हणजे नाण्याचा जो मूळ वरचा पापुद्रा होता, तो धातूच्या रूपात उरतच नाही, त्याचा गंज होतो. पण गंज होताना आकार बऱ्याचदा तसाच राहतो. "राजा"मधला काना धातूत नाही, त्या गंजात आहे. खालचं उरलेलं तांबं खड्डेखड्डे पडलेलं असतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर ही सगळी आम्लं हा गंज विरघळवतात. मग हातात उरतो तो खालचा कोरा गाभा. तांब्याचा हंडा चिंचेनं उजळतो, कारण त्यावरचा थर पातळ असतो. अडीचशे-तीनशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं गणित वेगळं.

आता शिवराई. 1674 साली राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी पडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र पति". भोवती ठिपक्यांचं कडं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. ही नाणी महाराजांनंतरही पडत राहिली. छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात, कितीतरी टाकसाळींत, नाव तेच ठेवून. त्यामुळे "श्री राजा शिव" वाचलं म्हणजे नाणं शिवकाळातलं, असं होत नाही. काळ ठरतो तो बारीकसारीक गोष्टींवरून. "शिव" ऱ्हस्व आहे की दीर्घ, "पति" कसं लिहिलंय, अक्षराचं वळण, वजन, ठिपके की रेघ. उलट बाजूला दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, बऱ्याच उशिराची. त्यात हाताने ठोकलेली नाणी, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अर्धी अक्षरं मुळातच नाण्याबाहेर गेलेली. उरलेल्या अर्ध्यावर सगळी भिस्त. तेवढंही आपण घासून काढतो!

मग साफ करायचंच नाही का? करतात, पण कसं ते बघा. इंग्लंडमध्ये 5 जुलै 2009 ला टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात मेटल डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला. तलवारींच्या मुठींवरचे तुकडे, हजारोंनी. सोनं गंजत नाही, म्हणजे काम सोपं असायला हवं. पण सोनं मऊ, स्टीलच्या सुईनेही ओरखडा पडतो. म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी मायक्रोस्कोपखाली चक्क झाडाचे काटे वापरून माती काढली. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या बांधावर बाभळी काय कमी आहेत?

तर त्या श्रोत्याला मी सांगितलं ते असं. नाणं सावलीत वाळू दे. वजन कर, सोनाराकडचा छोटा काटा चालेल. पट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढ. मग खोलीत अंधार कर आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, टेबलाला टेकवून धर. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात. सुटी माती मऊ कोरड्या ब्रशने. बास, त्यापुढे हात लावायचा नाही. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर मात्र सावध. तो क्लोराइडचा रोग, दमट हवेत तो नाणं आतून खात राहतो. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवायचं आणि संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवायचं.

आणि नेमकं कुठे सापडलं, किती खोल, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. हे लोकांना फालतू वाटतं. दायमाबाद आठवा. 1974 साली तिथे एका माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भक्कम मूर्ती मिळाल्या. पण त्या रीतसर उत्खननात, थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर अभ्यासकांचे वाद झाले. एवढ्या मोठ्या मूर्तींची ही गत, मग एका तांब्याच्या नाण्याचं काय?

कायद्याचंही सांगतो, कारण गडावर डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांचे रील्स मला रोज दिसतात. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि जमिनीत 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हो, 10 रुपये. आकडा तेव्हाचा आहे, पण कायदा चालू आहे.

परवा त्या श्रोत्याचे फोटो आले. आडव्या उजेडात "राजा" स्पष्ट, "श्री" नाण्याबाहेर. मागे "छत्र", आणि त्याखाली दोन दांड्या. दुदांडी. त्याचा आवाज जरा पडला, "म्हणजे महाराजांच्या वेळची नाही ना दादा?" नाही, म्हटलं. मग त्यानेच विचारलं, "पण आमच्या शेतात कोणी टाकली असंल?" त्या शेताच्या कडेने जुनी बैलगाडीची वाट जायची, असं त्याचे आजोबा सांगतात. आता तो गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्या वाटेचा नकाशा काढतोय, आणि तहसील कचेरीत अर्ज कुठे द्यायचा ते शोधतोय. नाणं डब्यात आहे, अजून हिरवंच.