तिरुवल्लिकेणीचे अनवाणी पाय आणि मोज्यांचे विज्ञान

१७ मार्च १९१४ रोजी मद्रास बंदरातून 'नेवासा' नावाची आगबोट इंग्लंडकडे निघाली. तिच्यावर तिरुवल्लिकेणीत बिऱ्हाड केलेले श्रीनिवास रामानुजन होते. निघण्यापूर्वी त्यांची शेंडी उतरवण्यात आली होती आणि अंगावर इंग्रजी पोशाख चढला होता. गणिताच्या बाबतीत त्यांना केंब्रिजमध्ये कोणाचे फारसे ऐकावे लागले नाही. पायांच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागली. बुटांची त्यांना सवय नव्हती. ट्रिनिटी कॉलेजच्या प्रशस्त चौकातून बाकी सारे बूट घालून जात असताना हा गणिती सपाता घालून चालत असे, अशी आठवण मागे राहिली आहे. थंडीत पांघरुणांच्या आत शिरून कसे झोपायचे, हे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी त्यांना दाखवल्याची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. सपातांची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, पण शरीरविज्ञानाच्या दृष्टीने ती अधिक बोलकी आहे.

तिरुवल्लिकेणी ही अनवाणी पायांची वस्ती. पल्लवकाळापासूनचे पार्थसारथी मंदिर आणि अर्काटच्या नवाबाच्या घराण्याने १७९५ मध्ये बांधलेली वालाजा मशीद, या दोन्ही ठिकाणी पादत्राणे दाराबाहेरच राहतात. अशा प्रदेशात लहानपणापासून मोकळा राहिलेला पाय बोटांच्या बाजूला रुंद होतो. दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांची मोजमापे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातही हाच निष्कर्ष निघाला: पुढचा भाग रुंद आणि तळव्यावरचा दाब अधिक समान विभागलेला. असा पाय अरुंद युरोपीय बुटात कोंबला तर तो दुखणारच.

म्हणून अनवाणी चालणेच उत्तम, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यात जॉन गिल यांनी पायाच्या एका भयंकर विकाराचे वर्णन केले. पाय सुजतो, त्यावर छिद्रे पडतात, त्यातून कणीदार स्राव वाहतो आणि हळूहळू हाडेही पोखरली जातात. 'मदुरा फूट' हे त्याचे नाव तिथूनच पडले. १८६० मध्ये मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी हा विकार बुरशीचा असल्याचे मांडले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. 'ग्रेज अॅनाटॉमी'तील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. त्या काळी ते ग्रँट मेडिकल कॉलेजात होते. आज आपल्याला माहीत आहे की मातीतील काही बुरशा आणि काही जिवाणू काट्याच्या साध्या टोचणीतून आत शिरतात. शेतात आणि रानात अनवाणी राबणाऱ्यांनी याची किंमत पाय गमावून मोजली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा विकार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला.

पाय झाकायचा ठरला की प्रश्न उरतो तो बूट आणि कातडी यांच्यामधल्या थराचा. 'मोजा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे 'मोजा' म्हणजे चामडी बूट. आपण शब्द घेतला आणि तो बुटाच्या आत घातला! तिसऱ्या ते पाचव्या शतकातील इजिप्तचे लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. वहाणेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा विणलेला आहे. १५८९ मध्ये विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, तरी मोजा नेमके काय करतो याचा विचार व्हायला युद्ध यावे लागले.

रामानुजन केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात उतरल्या. पुढचा हिवाळा खंदकांच्या चिखलात गेला. गोठणबिंदूच्या वर असलेल्या थंड पाण्यात पाय दिवसेंदिवस भिजत राहिले की रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतू बधिर होतात आणि अखेर मांस मरते. या 'ट्रेंच फूट'ने पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील हजारो सैनिक निकामी झाले. डॉक्टर प्रथम त्याला हिमदंश समजले. उपाय अखेर साधाच निघाला: पाय पुसणे, तेल चोळणे, कोरडे मोजे बदलणे, आणि जोडीदाराने जोडीदाराचे पाय तपासणे.

डोंगरवाटेवर मात्र अधिक छळतो तो फोड. १९५५ मध्ये नेलर यांनी प्रयोगांतून दाखवले की अगदी कोरड्या किंवा पूर्ण भिजलेल्या कातडीपेक्षा किंचित ओलसर कातडीवर घर्षण जास्त असते. घामाने ओलावलेली टाच हीच सर्वांत वाईट अवस्था. फोड वरचा पापुद्रा खरवडल्याने येत नाही. हाड एका दिशेने सरकते, बुटाला चिकटलेली कातडी जागीच राहते, आणि त्या ओढाताणीत कातडीच्या आतले थर फाटून पोकळीत द्रव भरतो. तेव्हा मोज्याचे खरे काम ही सरक कातडीऐवजी स्वतःच्या धाग्यांत घडू देणे हे होय.

१९९० मध्ये धावपटूंवर झालेल्या अभ्यासात सुती मोज्यांपेक्षा अॅक्रिलिकच्या मोज्यांत फोड कमी आणि लहान आढळले. १९९६ मध्ये अमेरिकी मरीन भरतीच्या जवानांवरचा अभ्यास आणखी उद्बोधक ठरला. नेहमीच्या मोज्यात फोडांचे प्रमाण ६९ टक्के होते. त्याच मोज्याखाली पातळ पॉलिएस्टरचा मोजा घातला तेव्हा ते ७७ टक्के झाले, पण उपचार घ्यावे लागतील असे फोड २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. पातळ मोज्यावर लोकर-पॉलिप्रॉपिलिनचा जाड, घट्ट विणीचा मोजा चढवला तेव्हा एकूण प्रमाण ४० टक्क्यांवर उतरले. 'दोन मोजे घाला' हा गिर्यारोहकांचा जुना सल्ला यावरून अर्धाच खरा ठरतो. बाहेरचा मोजा कोणता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

यात शाळेच्या गणवेशातला पांढरा सुती मोजा कुठेच बसत नाही. तरी हरिश्चंद्रगडाच्या पावसाळी वाटेवर तोच सर्वाधिक दिसतो. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. भिजल्यावर त्याचा फुगारा बसतो, हवेचा थर नाहीसा होतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरी तिचा कुरळेपणा टिकतो. सह्याद्रीतल्या धनगराला हे कोणी शिकवावे लागले नाही. आषाढाच्या पावसात त्याच्या डोक्यावरची घोंगडी भिजते, जड होते, पण आत ऊब राहते. मात्र त्याच दख्खनी मेंढीच्या लोकरीचे तंतू जाडेभरडे असतात. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू कातडीला बोचतो, आणि मोज्यांसाठी वापरली जाणारी मेरिनो लोकर २० मायक्रॉनच्या आसपासची असते. म्हणून घोंगडी खांद्यावर राहिली आणि मोज्यांची लोकर आजही बहुधा ऑस्ट्रेलियातून येते.