फौजदारी खटल्यांचे वार्तांकन : कौटुंबिक खाजगीपणा आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य

प्रस्तावना :
न्यायदान खुल्या न्यायालयात व्हावे आणि तेथील कामकाज वृत्तपत्रांनी लोकांपर्यंत पोहोचवावे, हे लोकशाहीतील न्यायव्यवस्थेचे मूलभूत तत्त्व होय. मात्र फौजदारी खटल्यात आरोपी व पीडित यांच्यासोबत त्यांची कुटुंबेही चर्चेत ओढली जातात. या कुटुंबांच्या खाजगीपणाला कायद्याने कितपत स्थान दिले, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

खुल्या न्यायालयाचे तत्त्व :
बदनामीच्या एका दिवाणी दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करण्यास मनाई केली. पत्रकारांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९६६ मध्ये फेटाळले. खुले न्यायालय हा नियम, परंतु न्यायदानाच्या हितासाठी त्यास अपवाद करता येतो, असे बहुमत होते. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. येथे प्रश्न साक्षीदाराच्या व्यवसायहानीचा होता. कुटुंबाचा विचार पुढे आलाच नाही.

नावाचे संरक्षण :
तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार विधी प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले. पुढे उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदा दुरुस्ती झाली आणि भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ समाविष्ट होऊन बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. विरोधाभास असा की, ज्या खटल्यामुळे हा बदल घडला, तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. पीडिता मरण पावली तरी केवळ नातेवाइकांच्या संमतीने तिचे नाव प्रसिद्ध करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

कुटुंबाची मान्यता व तिची मर्यादा :
तमिळ नियतकालिक ‘नक्कीरन’ने फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’चे आत्मकथन छापण्याचे ठरविले, तेव्हा तुरुंग अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब, विवाह व मातृत्व यांविषयीचा खाजगीपणा मान्य केला. परंतु न्यायालयीन अभिलेखासह सार्वजनिक अभिलेखातील मजकुरास हे संरक्षण नाही, असेही सांगितले. म्हणजे ज्या क्षणी कुटुंबाला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी ते क्षीण होते.

इंग्लंडमध्येही हाच पेच निर्माण झाला. आईवर मुलाच्या खुनाचा आरोप असताना हयात असलेल्या लहान भावाच्या हितासाठी नावे छापण्यास मनाई मागण्यात आली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००४ मध्ये ती नाकारली. दोन्ही हक्कांपैकी कोणताही मुळात श्रेष्ठ नाही, असे मानूनही पारडे वार्तांकनाकडे झुकले.

निष्कर्ष :
२०१५ चा बाल न्याय कायदा पीडित वा साक्षीदार बालकाची ओळख जपतो. परंतु केवळ आरोपीचे अपत्य असलेले बालक त्यात स्पष्टपणे येत नाही. आरोपीचे नाव दडविल्यास खुल्या न्यायदानाला बाधा येईल, हे खरे. तथापि १९९४ च्या निकालातील अपवाद अभिलेखापुरता आहे. मुलांची शाळा, घराचे छायाचित्र, नातेवाइकांचा शोक या बाबी सामान्यतः अभिलेखाचा भाग नसतात. न्यायालयात जे सिद्ध करावयाचे आहे ते लोकांसमोर यावे, उंबरठ्याआतील जे त्याच्याशी संबंधित नाही ते कुटुंबाचेच राहावे, अशी सीमारेषा आखणे त्या निकालाच्या चौकटीतच शक्य आहे.