हिमाचा हिशेब



गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने खाऊन झाली की आपल्याकडे जोशीबुवा पंचांग उघडतात आणि यंदा पाऊस किती आढक पडणार ते वाचून दाखवतात. त्या आकड्यावर कोणाचा किती विश्वास असतो तो भाग वेगळा. पण ऐकतात मात्र सगळे. वसंत हा आपला वाट पाहण्याचा ऋतू आहे. ज्या पाण्यावर आपले वर्ष जायचे ते अजून समुद्रावर असते.

आज मी आपल्याला अशा एका मुलखात नेणार आहे की जेथे वसंत हा वाट पाहण्याचा नव्हे, तर हिशेबाचा ऋतू आहे. तेथील वर्षाचे पाणी हिवाळ्यातच पडून गेलेले असते आणि ते डोंगरावर हिमाच्या रूपाने साठलेले असते. ते किती आहे, एवढेच मोजायचे राहते. पण ही साधी गोष्ट माणसाला सुचायला विसावे शतक उजाडावे लागले.

हा मुलूख म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातील नेवाडा. महाबळेश्वरला ढग रिते होतात आणि पन्नास-साठ मैलांवरचा माणदेश कोरडा राहतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. तोच प्रकार तेथे मोठ्या प्रमाणावर आहे. पॅसिफिक महासागरावरून हिवाळ्यात येणारे बाष्प सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्यावर हिम होऊन पडते आणि पलीकडे समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार फूट उंचीवर ओसाड पठार पसरलेले असते. रीनो शहरात वर्षाकाठी सातआठ इंचच पाऊस पडतो. येथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत. पर्वतातल्या टाहो सरोवरातून निघालेली ट्रकी नदी रीनोवरून वाहत जाते आणि सुमारे सव्वाशे मैलांवर, वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात संपते.

अशा नदीवर तंटा न झाला तरच नवल! 1902 साली अमेरिकेच्या काँग्रेसने वाळवंटी जमिनी भिजवण्याचा कायदा केला आणि 1905 साली ट्रकीवर डर्बी धरण उभे राहून नदीचे पाणी शेजारच्या खोऱ्यातील शेतांकडे वळले. टाहोच्या मुखाशीही बांध होता. त्याच्या दारांनी सरोवरातील सुमारे सहा फूट जाडीचा पाण्याचा थर अडवता किंवा सोडता येत असे. आता या सहा फुटांसाठी तीन पक्ष उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी हवे म्हणून शेतकरी म्हणत, भरपूर साठवा. काठावर बंगले बांधलेले लोक म्हणत, साठवाल तर आमचे काठ बुडतील. वीज कंपनीला बारमाही प्रवाह हवा होता. दारे केव्हा उघडावी हे ठरवायचे तर वसंतात सरोवर किती चढणार ते आधी कळले पाहिजे, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. अज्ञानातून संशय आणि संशयातून कज्जे, असा तो क्रम होता.

हे कोडे सोडवले ते कोणा इंजिनिअरने नव्हे, तर लॅटिनच्या एका प्राध्यापकाने. जेम्स एडवर्ड चर्च हे 1892 साली नेवाडा विद्यापीठात प्राचीन भाषा शिकवण्यासाठी आले. आपल्याकडच्या एखाद्या व्याकरणशास्त्र्याने धोतर खोचून सह्याद्री पालथा घालावा, तसा हा मनुष्य भर हिवाळ्यात माउंट रोझचे सुमारे पावणेअकरा हजार फूट उंचीचे शिखर चढला. पुढे त्याच शिखरावर त्याने हवामानाची उपकरणे मांडली. झाडीमुळे हिम टिकते की लवकर वितळते, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्याच्या शोधात असता त्याला एक गोष्ट कळून चुकली. हिमाची नुसती उंची मोजणे व्यर्थ आहे. ताजे हिम कापसासारखे पोकळ असते; त्याच्या दहाबारा इंचांत इंचभरच पाणी. तेच मुरून बसले की अडीच फुटांत फूटभर पाणी निघते. तेव्हा हिम मोजायचे नाही, तोलायचे!

त्यासाठी चर्चने पोलादाची एक लांब नळी केली. तिच्या तोंडाला दाते होते. ती हिमात जमिनीपर्यंत रोवायची, आत अडकलेल्या हिमासह उपसायची आणि तराजूला लावायची. तराजूच्या खुणा अशा की वजन थेट पाण्याच्या इंचांत वाचता यावे. दरवर्षी त्याच वाटेने त्याच ठिकाणी जाऊन हे करायचे आणि सरासरीशी ताडून पाहायचे. डोंगरावरचे पाणी सरासरीच्या ऐंशी टक्के निघाले, तर सरोवरही नेहमीच्या ऐंशी टक्के चढेल, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब होता. 1910 नंतरच्या वर्षांत टाहोवर त्याची प्रचीती आली, आणि ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते त्यांना निदान एक आकडा पटू लागला. साधारणपणे 1 एप्रिलच्या सुमारास हिमाचा साठा सर्वांत मोठा असतो, म्हणून तो दिवस या मुलखाचा पाडवाच ठरला. 1935 साली ट्रकीच्या पाण्याचा करार झाला आणि टाहोची कमाल पातळी 6,229.1 फूट ठरली. त्याच वर्षी पश्चिमेकडील हिमगणनेचे काम संयुक्त सरकारने हाती घेतले.

यात अचूकपणाचा आव नव्हता हे लक्षात ठेवले पाहिजे. हिम तोलून झाल्यावर ऊबदार पाऊस आला तर पूर येतो. जमीन तहानलेली असली तर वितळलेले पाणी वाटेतच जिरते. शहाणा अंदाज पुढचे आभाळ कसे असेल याचे भाकीत करत नाही. हाताशी काय आले आहे ते सांगतो आणि बाकीचे उघडपणे मोकळे ठेवतो.

पण आता या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. नदीच्या शेवटी, पिरॅमिड सरोवराच्या काठी, पायूट लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. कुई-उई नावाचा मासा जगात त्या एकाच सरोवरात मिळतो, आणि तो खाणारे हीच त्या लोकांची ओळख. वर शेते भिजू लागली तसे खाली सरोवर आटू लागले. शेजारचे विनेमुका सरोवर 1930 च्या दशकाच्या अखेरीस कोरडे पडले. 1967 पर्यंत पिरॅमिडचे पाणी सुमारे ऐंशी फूट खाली गेले. तेथला प्रसिद्ध ट्राउट मासा 1940 च्या दशकात सरोवरातून नाहीसा झाला; पुढे तो बाहेरून आणून सोडावा लागला. चर्चच्या तराजूत काही खोट नव्हती. पाणी किती आहे, हे तो खरेच सांगत होता. ते कोणाचे आहे, हे मात्र कोणताही तराजू सांगत नाही. त्या प्रश्नाला थोडा न्याय मिळण्यास 1990 चा कायदा आणि 2008 चा करार यांची वाट पाहावी लागली.

या कथेचे आपल्याशीही नाते आहे. हिमालयात हिम जास्त पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी होतो, असे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 साली मांडले, आणि 1886 पासून सरकारी अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. 1928 साली ज्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय पुण्यास आले, त्याच्या अंदाजांचे मूळ असे हिमात आहे. चर्च स्वतः अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1947 साली, हिमगणनेच्या कामासाठी भारतात येऊन हिमालयात गेले होते. 1959 साली ते वारले.

त्यानंतर सिएरात आपोआप हिम तोलणारी यंत्रे बसली. तरी नळी घेऊन जाणारी माणसे गेली नाहीत. 1 एप्रिल 2015 रोजी टाहोच्या दक्षिणेस अशीच मोजणी झाली. हिम असायचे तेथे कोरडे गवत होते. कॅलिफोर्नियाच्या सिएरातील साठा सरासरीच्या अवघा पाच टक्के भरला, आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्या गवतावर उभे राहूनच शहरांच्या पाण्यात पंचवीस टक्के कपात जाहीर केली. उलट 2023 च्या एप्रिलमध्ये तोच साठा सरासरीच्या दुपटीहून अधिक निघाला. सरासरी या शब्दावर भिस्त ठेवण्याचे दिवस आता सरत चालले आहेत.

आपल्या धरणांवरही दरवर्षी वसंतात आकडे येतात: इतके टक्के साठा, इतकी आवर्तने. तो आकडा खरा आहे की नाही, हे जरूर विचारावे. पण आकडा खरा ठरला म्हणजे काम संपले असे समजू नये. कालव्याच्या शेवटच्या टोकाला कोण बसले आहे, हेही त्याच दिवशी विचारावे.